रीपरमध्ये (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) प्रोजेक्ट उघडतंय पण आवाजच नाही, पट्ट्या रिकाम्या! भजनाचं रेकॉर्डिंग गेलं का? (सोलापूर)

टाळकरी_जुळे | रविवार, रात्री ११.२०

मंडळी लई टेन्शनमध्ये आहे म्हणून एवढ्या रात्री टाकतोय. आमच्या भागातलं भजनी मंडळ आहे, श्रावणात दोन संध्याकाळी मिळून तीन तास रेकॉर्डिंग केलं, मंदिराच्या वरच्या माडीवर, सहा माइक, रीपरमध्ये. पखवाजाला दोन, पेटीला एक, टाळाला एक, बुवांना एक आणि मागे धरणाऱ्यांना एक. मग त्यातनं अकरा अभंग वेगळे काढले आणि प्रत्येकाचं वेगळं प्रोजेक्ट केलं, महिनाभर जागून कट मारले, खोकले काढले, शेजारच्या कुकरची शिट्टी ऐन समेवर आलेली ती पण काढली.

गेल्या आठवड्यात लॅपटॉप फार स्लो झाला म्हणून दुकानात दिला, द्यायच्या आधी शहाण्यासारखं डी ड्राइव्हवरचं 'भजन' नावाचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं. लॅपटॉप परत आला, रीपर टाकलं, प्रोजेक्ट उघडलं तर यादी आली की ह्या ह्या फाइली सापडत नाहीत. ती बंद केली तर सगळ्या पट्ट्या जागच्या जागी, कट जागच्या जागी, मी लावलेले ईक्यू (आवाजाचा खर्ज-तार कमीजास्त करायची सेटिंग) पण आहेत, पण आत आवाजाची लाट नाही. प्ले केलं की मुकं. अकराच्या अकरा तसंच.

परत घ्यायचं म्हणाल तर आमचे तात्या (पखवाज) आता गुडघ्यामुळं माडी चढत नाहीत, आणि बुवांना अजून सांगितलेलं नाही. काय करू?

रेक_दाबा | रविवार, रात्री ११.३४

पेनड्राइव्हवरचं ते फोल्डर केवढंय? राइट क्लिक, प्रॉपर्टीज, फक्त आकडा सांगा.

टाळकरी_जुळे | रविवार, रात्री ११.३६

१.९ एमबी. बॅकपच्या फाइली धरून.

रेक_दाबा | रविवार, रात्री ११.५२

मग त्यात आवाज कधी नव्हताच मालक. हिशोब बघा, ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटला एका सेकंदाचे एका ट्रॅकला १,४४,००० बाइट लागतात, म्हणजे मिनिटाला साधारण ८.६ एमबी. सहा ट्रॅक, तीन तास, झाले ९.३ जीबी. तुम्ही १.९ एमबी घेऊन आलात. कॉपी व्हायला दोन सेकंद पण लागले नसतील, तेव्हाच शंका यायला पाहिजे होती, पण ते जाऊ दे आता, आपण सगळेच एकदा तिथनं गेलोय.

बहुतेक असं झालंय की तुम्ही रीपर उघडून प्रोजेक्ट सेव्ह न करताच रेकॉर्ड दाबलं. प्रोजेक्टला अजून घरच नसलं तर रीपर फाइली ठेवणार कुठं, तर तो डॉक्युमेंट्समध्ये 'रीपर मीडिया' म्हणून फोल्डर आहे त्यात टाकतो. नंतर तुम्ही प्रोजेक्ट डी वर सेव्ह केलं, पण सेव्हच्या खिडकीत खाली मीडिया कॉपी करायची टिक असते ती मारली नाही. म्हणजे प्रोजेक्ट डी वर आणि आवाज सी वर.

आता एक करा. आरपीपी फाइल, म्हणजे रीपरची प्रोजेक्ट फाइल, नोटपॅडमध्ये उघडा. घाबरू नका, ती साधी टेक्स्ट फाइल असते, फक्त काही बदलू नका. खाली खाली जा, 'फाइल' असं लिहून पुढं अवतरणात लांबलचक पत्ता दिसेल. तो इथं सांगा.

पूर्वभाग_डीजे | सोमवार, सकाळी ८.१०

आमच्या घरी माग होते तेव्हाचं सांगतो. चादरीच्या मागावर वर जॅकार्ड असतं, त्याला पुठ्ठ्याच्या भोकं पाडलेल्या पट्ट्या लागतात. फूल कुठं यायचं, मोर कुठं यायचा ते सगळं त्या पट्ट्यात. पण पट्टीत सूत नसतंय. तू पट्ट्या पिशवीत घालून आणलास आणि सूत मागावरच ठेवून आलास. आता विचारलालास चादर का दिसत नाही बे 😄

टाळकरी_जुळे | सोमवार, सकाळी ८.४५

हसू येतंय पण रडू पण येतंय. पत्ता सापडला, सी ड्राइव्ह, युजर्स, एचपी, डॉक्युमेंट्स, रीपर मीडिया, आणि पुढं फाइलीचं नाव, शून्य एक, डॅश, तारीख, वेळ. असे सहा एका संध्याकाळचे, सहा दुसऱ्या. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच झालंय. पण दुकानदारानं सी ड्राइव्हवरच नवीन विंडोज टाकलंय. संपलं ना मग?

उगाचच | सोमवार, सकाळी ९.०२

एवढं सगळं करण्यापेक्षा मोबाइलवर घ्यायचं की. आमच्याकडं सगळे तसंच घेतात, कुणी मेलं नाही अजून.

रेक_दाबा | सोमवार, सकाळी ९.२०

थांबा. नवीन विंडोज जुन्याच डिस्कवर टाकलंय का नवीन एसएसडी बसवलीय? बिल बघा. आणि जुन्याच डिस्कवर टाकलं असेल तर हा लॅपटॉप आत्ता बंद करा, त्याच्यावर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर पण उतरवून घेऊ नका, कारण जे काही नवीन लिहिलं जाईल ते जुन्याच्या डोक्यावर बसतं.

टाळकरी_जुळे | सोमवार, दुपारी १.३०

मोबाइलवरनं लिहितोय, लॅपटॉप बंद केलाय. बिलावर ५१२ जीबी एसएसडी लिहिलंय!! म्हणजे डिस्क बदललीय. जुनी त्यानं परत दिली होती बहुतेक, फुग्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, मला वाटलं खराब झालेला माल आहे. आईला फोन केला, ती म्हणते भंगारवाला आला तेव्हा काढून ठेवलेलं, पण पोरीनं खेळायला घेतलं म्हणून कपाटात टाकलं. संध्याकाळी घरी गेलो की बघतो.

क्युबेसवाले_काका | सोमवार, दुपारी ३.१५

सिद्धेश्वर महाराज पावले म्हणायचे. डिस्क मिळाली तर आधी काही करू नका, फक्त सगळं दुसरीकडं कॉपी करून घ्या, आणि काम त्या कॉपीवर करा.

डिस्क सापडेपर्यंत माझी गोष्ट ऐका, मी क्युबेसवर (हे पण रीपरसारखंच सॉफ्टवेअर) आहे गेली बरीच वर्षं. माझी चूक ह्याच्या उलटी होती. ह्यानं आवाज न्यायचा राहिला, मी स्वतःच्या हातानं पुसला. एका बाईंच्या भक्तिगीतांचं काम, आठ गाणी. पहिल्या गाण्याचं प्रोजेक्ट केलं आणि आळसानं त्यालाच सेव्ह अ‍ॅज करत करत आठ केली, सगळी एकाच फोल्डरमध्ये, त्यामुळं सगळ्यांचे आवाज एकाच ऑडिओ फोल्डरमध्ये. एक दिवस डिस्क भरली. पूल, म्हणजे प्रोजेक्टच्या ऑडिओ फाइलींची यादी, उघडला, न वापरलेला मीडिया काढा म्हणून आज्ञा आहे ती दिली. आता ती बिचारी काय करते, तर समोर जे प्रोजेक्ट उघडं आहे त्यात काय वापरलंय एवढंच बघते, बाकी सात गाण्यांचं तिला काय माहीत. सगळं पूलच्या ट्रॅशमध्ये गेलं. ट्रॅश रिकामं करताना तो विचारतो, डिस्कवरून पुसू का फक्त पूलमधनं काढू? तिथं मी पुसू म्हणालो. रात्रीचे दोन वाजलेले, आणि डोक्यात एकच, जागा करायची.

सात गाण्यांचे गळे गेले. बाई परत आल्या, गायल्या, पैसे पण वाढवून मागितले नाहीत, पण पहिल्या वेळचं ते आलं नाही. तेव्हापासून एक गाणं, एक फोल्डर. आणि बाहेर द्यायचं असलं की फाइल मेन्यूमधनं बॅकप प्रोजेक्ट, तो रिकाम्या फोल्डरमध्ये गरजेचं तेवढंच सगळं नेऊन ठेवतो. हातानं फाइली उचलत बसायचं नाही.

(ते जॅकार्डचं बेस्ट होतं. आणि रीपर बनवणारा जस्टिन फ्रँकेल म्हणजे तोच विनॅम्पवाला बरं का. १९९७ चं विनॅम्प. सायबर कॅफेत तासाला पैसे भरून गाणी ऐकलेल्यांना कळेल.)

सूरताई | सोमवार, सायंकाळी ५.४०

मी शाळेत शिकवते, मुलांच्या कवितांचं रेकॉर्डिंग ऑडॅसिटीत करते म्हणून विचारते, माझं पण असंच होऊ शकतं का? माझ्याकडे २०१९ पासूनचं आहे.

रेक_दाबा | सोमवार, सायंकाळी ६.०५

ताई, तुमचं दोन भागात बघायला लागेल. २०२१ मध्ये ऑडॅसिटी ३ आलं तेव्हापासून एयूपी३ नावाची एकच फाइल होते, आवाज आणि कट सगळं त्याच्याच पोटात. ती नेली की सगळं गेलं बरोबर. फक्त प्रोजेक्ट उघडं असताना कॉपी करू नका, उघडं असताना शेजारी अजून एक तात्पुरती फाइल असते आणि ताजं काम कधी कधी तिच्यात असतं. ऑडॅसिटी बंद करा, मग कॉपी.

त्याच्या आधीचं जे आहे ते मात्र एयूपी नावाची छोटी फाइल आणि त्याच नावापुढं 'डेटा' लावलेलं फोल्डर अशी जोडी असते. फोल्डरमध्ये शेकडो बारक्या बारक्या फाइली. जोडी फोडायची नाही आणि एकाचं नाव बदलायचं नाही. जुनी प्रोजेक्ट एकेक उघडून नवीन प्रकारात सेव्ह करून टाका, आणि प्रत्येकाची एक वेव्ह (साधी ऑडिओ फाइल) पण काढून ठेवा. वेव्ह कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

सूरताई | सोमवार, सायंकाळी ६.३०

जोडी फोडली आहे बहुतेक काहींची. 'नको असलेली फोल्डरं' म्हणून मीच डिलीट केली होती, आत काही कळत नव्हतं म्हणून. असो. मुलं आता कॉलेजात गेली.

पूर्वभाग_डीजे | सोमवार, सायंकाळी ७.२२

आमच्या एफएल स्टुडिओवाल्यांसाठी (बीट बनवायचं सॉफ्टवेअर) पण सांगून ठेवतो, लई पोरं विचारतात. एफएलपी, म्हणजे त्याची प्रोजेक्ट फाइल, दोस्ताला पाठवायची आणि तो म्हणणार किकचा आवाजच येत नाही. अरे सॅम्पल (आवाजाचे तयार तुकडे) तुझ्या डाउनलोडमध्ये पडलेत, त्याच्याकडं कुठनं येणार. फाइल, एक्सपोर्ट, झिप्ड लूप पॅकेज, तेच पाठवायचं, सॅम्पल आत जातात. प्लगइन नाही जात, ते त्याच्याकडं पाहिजेच. आणि ट्रायलवर काम करणाऱ्यांनो, ट्रायलमध्ये सेव्ह होतंय पण बंद करून परत उघडता येत नाही. एका पोरानं जयंतीच्या मिरवणुकीचा अख्खा ट्रॅक ट्रायलमध्ये केला आणि रात्री लॅपटॉप बंद करून झोपला. सकाळी मला फोन, अण्णा उघडंना. काय सांगू त्याला.

टाळकरी_जुळे | सोमवार, रात्री ९.५०

डिस्क सापडली!!! चादरींच्या घडीखाली होती. नवी पेठेतनं यूएसबीला जोडायची साटाची केबल आणली साडेतीनशेला. लावली, फिरल्याचा आवाज आला, लॅपटॉपवर दोन नवीन ड्राइव्ह दिसले. युजर्समध्ये एचपीच्या फोल्डरवर क्लिक केलं तर म्हणतंय तुम्हाला परवानगी नाही. आता हे काय?

रेक_दाबा | सोमवार, रात्री ९.५८

जुन्या विंडोजच्या मालकाचं फोल्डर आहे ते, नव्या विंडोजला तुम्ही परके. खाली कंटिन्यू म्हणून बटण आहे ते दाबा आणि शांत बसा, हिरवी पट्टी हळूहळू सरकते, मध्ये अडकल्यासारखी वाटते पण केबल उपटू नका.

टाळकरी_जुळे | सोमवार, रात्री १०.४१

आहेत. बाराच्या बारा. एकेक पावणेआठशे एमबीची. एक उघडून ऐकली, टाळ. नुसता टाळ दीड तास. एवढा गोड टाळ मी आयुष्यात ऐकला नाही. जेवण झालं नव्हतं, आता कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन बसलोय, समोर कॉपी चाललीय.

क्युबेसवाले_काका | सोमवार, रात्री १०.४४

जिंकलात. कॉपी दोन ठिकाणी करा.

टाळकरी_जुळे | मंगळवार, सकाळी ७.१५

कॉपी झाली. पण आता दुसरा घोळ. त्याच पत्त्यावर ठेवाव्या म्हटलं म्हणजे रीपरला आपोआप सापडतील, तर दुकानदारानं नवीन विंडोजमध्ये युजरचं नाव एचपी न ठेवता दुसरंच ठेवलंय. पत्ता जुळत नाही. अकरा प्रोजेक्ट गुणिले सहा फाइली, एकेक हातानं दाखवत बसायचं का?

रेक_दाबा | मंगळवार, सकाळी ९.३०

नाही. आरपीपी टेक्स्ट आहे ह्याचा फायदा आता घ्यायचा. आधी अकराही आरपीपीची कॉपी करून बाजूला ठेवा. मग डी वर एक फोल्डर करा, 'भजन श्रावण', त्यात 'ऑडिओ' म्हणून एक फोल्डर, बारा वेव्ह त्यात. नोटपॅडमध्ये आरपीपी उघडायची, जुना पत्ता सी पासून रीपर मीडियापर्यंत अख्खा कॉपी करायचा, रिप्लेसमध्ये जाऊन तो काढून नवीन पत्ता, रिप्लेस ऑल, सेव्ह. एकेका फाइलीला अर्धा मिनिट. फाइलीच्या नावाला हात लावायचा नाही, फक्त आधीचा भाग.

आणि उघडलं की उत्साहात सेव्ह अ‍ॅज करून 'सगळा मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी कर' ही टिक मारू नका.

पूर्वभाग_डीजे | मंगळवार, सकाळी ९.४८

आं? परवा तर म्हणालात ती टिक मारली नाही म्हणूनच घोळ झाला.

रेक_दाबा | मंगळवार, सकाळी १०.१०

परवा बरोबर होतं आणि आज पण बरोबर आहे. एरवी ती टिक मारायचीच. पण ह्यांचा एकेक अभंग सहा मिनिटांचा असला तरी त्याच्यामागं उभी असलेली वेव्ह दीड तासाची आहे, आणि कॉपी करताना रीपर अख्खी वेव्ह नेतो. एका अभंगामागं सहा वेव्ह म्हणजे ४.७ जीबी. अकरा अभंग, ५१ जीबी. सगळं तेच तेच परत परत. त्यापेक्षा अकरा आरपीपी एका फोल्डरमध्ये आणि मधोमध एकच ऑडिओ फोल्डर. पण मग काकांची गोष्ट लक्षात ठेवा, त्या फोल्डरमध्ये 'न वापरलेल्या फाइली साफ करा' वाली आज्ञा आयुष्यात द्यायची नाही.

एखादा अभंग सुटा करून कुणाला द्यायचा असला तर त्यातले आयटम निवडून ग्लू करायचे, तेवढ्याच तुकड्याची नवी वेव्ह तयार होते, आणि मग ती टिक मारून सेव्ह अ‍ॅज. तेव्हा पाचपन्नास एमबीच्या सहा फाइली जातात फक्त.

टाळकरी_जुळे | मंगळवार, रात्री ११.०५

झालं. अकरा झाले. पहिला उघडला तेव्हा लाटा एकेक करून यायला लागल्या, सुरुवातीला रिकाम्या आणि मग भरत भरत गेल्या, मी खुर्चीत उठून बसलो. कुकरची शिट्टी काढलेली जागा पण तशीच आहे.

आता मिक्सिंगसाठी पुण्यात एकाला द्यायचंय, तो रीपर वापरत नाही. त्याला काय देऊ?

क्युबेसवाले_काका | बुधवार, सकाळी ८.२०

प्रोजेक्ट देऊच नका मग. प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह काढा, सगळ्या शून्यापासून सुरू झालेल्या आणि एकाच लांबीच्या, म्हणजे तो कशातही टाको, एकाखाली एक बरोबर बसतात. ईक्यू वगैरे काढून कोरं द्या, रिव्हर्ब तर अजिबात लावू नका. ४८ ला रेकॉर्ड केलंय तर ४८ च द्या आणि तसं लिहून द्या. माझ्याकडं एकदा ४४.१ चं काम कुठल्यातरी सेटिंगमुळं ४८ ला वाजत होतं, पट्टी जवळजवळ पाऊण स्वर वर, आणि गाणाऱ्याचा आवाज पोराटकी वाटायला लागला. त्याला वाटलं मीच काहीतरी केलंय.

आणि नावं. तुमच्या फाइलींना शून्य एक, शून्य दोन आहे कारण ट्रॅकला नावं न देता रेकॉर्ड केलं. रेकॉर्ड दाबायच्या आधी ट्रॅकवर 'पखवाज धुम', 'पखवाज शाई', 'पेटी', 'बुवा' लिहिलं असतं तर फाइलीच्या नावात पण तेच आलं असतं. देताना तरी नावं घाला. फायनल, फायनल२, फायनलखरंच हे प्रकार नको, वर्ष आधी मग महिना मग दिवस, म्हणजे आपोआप क्रमानं लागतात.

पूर्वभाग_डीजे | बुधवार, सकाळी ८.५५

काका 'फायनलखरंच' माझ्याकडं आहे. 'फायनलखरंच_आता_नको' पण आहे.

रेक_दाबा | बुधवार, सकाळी ९.४०

पेनड्राइव्हवर देणार असाल तर तो एफएटी३२ प्रकारात फॉरमॅट केलेला आहे का बघा, असला तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल त्यात बसत नाही, जागा असून सुद्धा. झिप करायला गेलात तर हमखास अडकाल. एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट करून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून, दोन जीबीपर्यंत जातंय.

पुढच्या वेळेसाठी, रीपरच्या प्रेफरन्सेसमध्ये प्रोजेक्टच्या पानावर नवीन प्रोजेक्ट उघडल्या उघडल्या सेव्ह विचार असं सेटिंग आहे, ते चालू करा. मग रेकॉर्डच्या आधी घर ठरतं. तिथंच दर काही मिनिटांनी वेळ घालून बॅकप ठेवायचं पण आहे. पण तो बॅकप आरपीपीचा हं, आवाजाचा नाही. डीजे म्हणाला तसं, पट्ट्यांचा, सुताचा नाही.

क्युबेसवाले_काका | बुधवार, सकाळी १०.१५

ह्यावरनं आठवलं, गड्ड्याला (आपली सिद्धेश्वर यात्रा) अक्षता सोहळ्याला मी छोट्या रेकॉर्डरवर सलग घेतो, नंदीध्वज येतात, बाराबंदीतले मानकरी, हलगी, हर्र बोला हर्रचा गजर, सगळं एका दमात. त्या रेकॉर्डरची फाइल २ जीबी झाली की आपोआप पुढची सुरू होते, ४८ आणि २४ ला स्टिरिओ म्हणजे साधारण दोन तासांनी. पहिल्या वर्षी मी घरी येऊन दुसरी फाइल 'डुप्लिकेट' समजून उडवणार होतो, नाव सारखंच, फक्त शेवटचा आकडा वेगळा. कार्ड रिकामं करायच्या आधी प्रत्येक फाइल उघडून शेवटचं मिनिट ऐकायची सवय तेव्हापासून लागली.

उगाचच | बुधवार, सकाळी १०.३०

आणि मोबाइल चोरीला गेला तर काय करायचं ते पण सांगा. खरंच विचारतोय, माझ्या वडिलांची पोथी वाचलेली सगळी मोबाइलवरच आहे.

रेक_दाबा | बुधवार, सकाळी १०.४२

आजच्या आज लॅपटॉपवर घ्या, आणि एक कॉपी घराबाहेर, भावाकडं, बहिणीकडं, कुठंही. गूगलच्या फुकटच्या १५ जीबीत पोथी आरामात बसेल. तीन कॉप्या, दोन वेगवेगळ्या वस्तूंवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. ह्याच्यापेक्षा जास्त काही नाही ह्याच्यात.

टाळकरी_जुळे | रविवार, रात्री ९.१०

अपडेट. पुण्याला फाइली गेल्या, नावं घालून. बाहेरची एक टीबीची डिस्क घेतली, ती घरी. जुनी डिस्क आता बुवांच्या देवघरात आहे, कारण ते म्हणाले भजन आहे तर इथंच ठेव, मी पण म्हटलं दुसरं घर झालं. त्यांना काय झालं होतं ते शेवटी सांगितलं, ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले ऐकव. पहिला अभंग लॅपटॉपवर लावला, पूर्ण ऐकला, तात्यांना पण खाली ओट्यावर बसवलं होतं. ऐकून झाल्यावर बुवा म्हणाले टाळ जरा जास्त झालाय.

पूर्वभाग_डीजे | रविवार, रात्री ९.१४

टाळ कोण वाजवलंय?

टाळकरी_जुळे | रविवार, रात्री ९.१५

माझं नाव वाच की बे.